घोडा कुणाचा?

शिगम्याच्या दिवसांत सत्तरी-डिचोलीच्या बाजूला गेलात तर घोडेमोडणी पाहायला मिळते. कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा, त्यावर रंगीत झालर, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात नंगी तलवार, आणि ढोल-ताशांच्या ठेक्यावर मागे-पुढे होणारी पावले. राण्यांच्या लढायांची ही आठवण, असे जुनेजाणते सांगतात. नाचणारे सगळे पुरुष. बायका आपल्या अंगणात किंवा मांडाच्या कडेला उभ्या राहून पाहतात.

खरा घोडा गोव्याला नवा नव्हता. पंधराव्या-सोळाव्या शतकात होर्मुझहून निघालेली अरबी-इराणी घोड्यांची जहाजे गोव्याच्या बंदराला लागत, आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना त्या घोड्यांची सारखीच गरज असे. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला, तेव्हा पोर्तुगीजांच्या नजरेसमोर मिऱ्यांइतकाच हा घोड्यांचा व्यापारही होता. जनावर बंदरात उतरायचे, त्यावरची जकात इथे राहायची, आणि जनावर घाट चढून वर निघून जायचे. आपल्या वाट्याला राहिला तो लाकडाचा घोडा.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे मुलींच्या कॉलेजांतले पोलोचे संघ. पोलो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजेमहाराजे, लष्करी अधिकारी आणि शँपेनच्या जाहिराती येतात. पण अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत मुलींचे पोलो संघ आहेत, त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा गेली पन्नासेक वर्षे चालू आहेत आणि त्या अटीतटीने खेळल्या जातात. या मुली तिथवर कशा पोचल्या याचा मागोवा घेताना वाट मला आपल्याच इतिहासातून काढावी लागली. मराठी बाई घोड्यावर होती, आणि त्या काळात इंग्रज बाईपेक्षा पक्क्या बैठकीने होती. मग घोड्यावरचा खेळ सुरू झाला तेव्हा ती कुठे होती?

आधी बायजाबाईंची गोष्ट. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी, दौलतराव शिंद्यांची राणी. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला आणि १८३३ मध्ये तिला राज्याबाहेर पडावे लागले. पुढे तिची छावणी गंगेकाठी फत्तेगडला होती. तिथे १८३५ मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायला आली. फॅनीचा नवरा अलाहाबादला कंपनीच्या जकात खात्यात नोकरीला. ती स्वतः हिंदुस्थानी बोलणारी, सतार शिकलेली, डोळे उघडे ठेवून हिंडणारी. तिचे प्रवासवर्णन १८५० मध्ये लंडनला दोन खंडांत छापून आले. त्यात या छावणीची पाने मोठी मजेची आहेत.

छावणीतल्या मराठा बायका घोड्यावर बसत त्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, पुरुषांसारख्या. बायजाबाईची नात गजराराजा चांगली घोडेस्वारीण होती. त्या काळची इंग्रज बाई मात्र एकाच बाजूला दोन्ही पाय सोडून, तिरपी बसे. त्यासाठी वेगळे खोगीर असे. फॅनीने आपले ते खोगीर मागवून घेतले आणि बसून दाखवले. मराठा बायकांना त्याचे मोठे नवल वाटले. एका अंगाला लटकून घोडा कसा आवरायचा? मग फॅनीची पाळी आली. तिला मराठी पद्धतीचा पोशाख नेसवला, घोड्यावर चढवले, आणि ती दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. बसल्याबसल्या तिच्या मनात आले की बायकांच्या बसण्याची रीत बदलणारी आपली एलिझाबेथ राणी मूर्खच म्हणायची. ही रीत एलिझाबेथ राणीने बदलली हे काही खरे नव्हे, ती तिच्याही आधीची. पण फॅनीचा मुद्दा बरोबर होता. बायजाबाईबद्दल तिने असेही लिहून ठेवले आहे की ही बाई एकदा हातात भाला आणि कडेवर मूल घेऊन फौजेच्या पुढे घोड्यावर निघाली होती.

इथे नऊवारीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कासोटा घातलेले लुगडे हे दोन पायांचे वस्त्र आहे. त्यात बाईला चालता येते, शेतात वाकता येते, माडीवर चढता येते, आणि घोड्यावर मांड ठोकता येते. गोव्यात आपल्या आज्यांनी आयुष्यभर हेच नेसले आणि आपण त्याला जुनाट म्हणून पेटीत ठेवले. पायघोळ झग्याने इंग्रज बाईचे काय झाले ते मात्र फॅनीच्या वर्णनात स्पष्ट दिसते. बाईने बसायचे कसे हे तिच्या अंगावरचे कापड ठरवत होते, आणि ते कापड घरचा रिवाज ठरवत होता.

झाशीच्या राणीबद्दल नवीन काय सांगणार? एवढेच, की वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत झाशीला राहिले होते आणि त्यांनी तिची रोजची तालीम लिहून ठेवली आहे. जोर, जोडी, मलखांब, मग घोड्यावर बसणे. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला, तेव्हा गोडसे भटजी हयात नव्हते. तिच्या अश्वपरीक्षेची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे: दिसायला सारखे दोन घोडे विकायला आले, तिने दोघांवर फेरी मारली, एकाला भरघोस किंमत सांगितली आणि दुसऱ्याला अगदीच थोडी, कारण त्याच्या छातीत दुखापत होती. पुतळ्यातली राणी मला फारशी भावत नाही. ही घोडा पारखणारी राणी भावते. हात फिरवून, फेरी मारून जनावर ओळखणे ही रोजच्या सहवासाने येणारी विद्या आहे, आणि ती येण्यासाठी बाईच्या दारात घोडा असावा लागतो.

१८५७ नंतर तो दारातून गेला. संस्थानांच्या फौजा आटल्या, पागा रिकाम्या झाल्या, आणि मराठी मुलखात घोड्यावर बसणारी बाई दिसेनाशी झाली. संस्थानिकांच्या घरांत काही जणी बसत राहिल्या. बाकी तिला जागा मिळाली ती सर्कशीत. विष्णुपंत छत्रे या अश्वविद्येतल्या वस्तादाने १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि त्यांच्या पत्नीनेही तिच्यात कसरती केल्या. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जी गोष्ट छावणीत रोजची होती, ती तिकीट काढून पाहण्याचे नवल होऊन बसली.

आणि नेमक्या याच काळात पोलो मोठा झाला.

खेळ अर्थात फार जुना. कुत्बुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला. रात्री खेळता यावे म्हणून अकबर पळसाच्या लाकडाचे धुमसते चेंडू वापरी, असे ‘आईन-ए-अकबरी’त आहे. या जुन्या चौगानातून बायका वगळलेल्या नव्हत्या. बाराव्या शतकातल्या निझामीच्या काव्यात शिरीन आणि तिच्या सख्या खुस्रो व त्याच्या माणसांशी चौगान खेळतात. चीनमध्ये तांग राजांच्या काळातल्या थडग्यांतून घोड्यावर बसून चेंडू मारणाऱ्या बायकांच्या मातीच्या मूर्ती निघाल्या आहेत. दख्खनी चित्रांत चांदबिबी घोड्यावरून ससाण्याने शिकार करते, मांड ठोकून.

आजच्या पोलोची वाट मात्र मणिपूरहून निघते. तिथला ‘सगोल कांगजेई’ इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि चहामळेवाल्यांनी काछारमध्ये पाहिला, १८५९ मध्ये सिल्चरला क्लब काढला, १८६२ मध्ये कलकत्त्याला. १८६९ मध्ये इंग्लंडात हाउन्स्लोला पहिला सामना झाला आणि १८७६ मध्ये खेळ अमेरिकेत पोचला. पोलो हे नाव तेवढे बाल्टिस्तानकडचे. खेळाच्या डावाला इंग्रज ‘चक्कर’ म्हणू लागले तो शब्द आपलाच. पण या प्रवासात खेळ लष्करी मेसमधून गेला, आणि त्याचे सगळे रीतिरिवाज तिथे ठरले. ज्या बायकांना भर वेगात मांड ठोकून बसण्याचीच मनाई, त्या चेंडूवर काठी कशी चालवणार? पोलोची काठी उजव्या हातातच धरावी लागते आणि इंग्रज बाईचे पाय घोड्याच्या डाव्या अंगाला. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात काही बायकांनी तसल्या तिरप्या खोगिरावर बसून सामने खेळून दाखवले. हे वाचल्यावर मला तरी फत्तेगडच्या मराठा बायकांचे हसू ऐकू आले.

कपडे बदलले, खोगीर बदलले, तरी दार बंदच राहिले. अमेरिकेत १९३० च्या दशकात बायकांनी आपली वेगळी पोलो संघटना काढली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती विझली. मुख्य संघटना बायकांना सभासद करून घेत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या स्यू सॅली हेल हिने यावर जो उपाय काढला तो नाटकातला वाटेल, पण खरा आहे. केस हेल्मेटमध्ये कोंबायचे, छाती आवळून बांधायची, ढगळ शर्ट घालायचा, काजळासारख्या रंगाने मिशी काढायची आणि ‘ए. जोन्स’ या नावाने मैदानात उतरायचे. सामना संपला की कपडे बदलून बाई म्हणून मेजवानीला जायचे आणि या जोन्सची तारीफ ऐकायची. सुमारे वीस वर्षे तिने हे केले. अखेर १९७२ मध्ये संघटनेने बायकांना सभासदत्व दिले आणि पहिल्या काही नावांत तिचे नाव लागले. तिची मुलगी सनी हेल २००० साली यू. एस. ओपन ही तिथली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकणारी पहिली बाई ठरली. त्याच संघात अर्जेंटिनाचा अदोल्फो कांबियासो होता, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूच्या बरोबरीने ती खेळत होती. पोलोत बाई आणि पुरुष एकाच मैदानात एकमेकांविरुद्ध खेळू शकतात. एकदा आत घेतल्यावर कुणी तिच्यासाठी मैदान लहान करत नाही.

पण स्यू सॅली आणि सनी यांच्यामागे स्वतःचा तबेला होता. ज्या मुलीच्या घरी घोडा नाही तिचे काय? कॉलेजांनी जे केले ते इथे आहे.

१९७२ सालीच अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे त्यात म्हटले होते. आता पोलो हा तिथल्या विद्यापीठीय क्रीडामंडळाच्या यादीतला खेळ नव्हे, बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लबच आहे. पण त्या कायद्याने कॉलेजच्या मैदानांवरचे वारे बदलले, आणि १९७० च्या दशकातच मुलींची राष्ट्रीय आंतरविद्यापीठीय पोलो स्पर्धा सुरू झाली. कॉर्नेल, व्हर्जिनिया, कनेक्टिकट, टेक्सस ए अँड एम ही नावे विजेत्यांच्या यादीत पुन्हा पुन्हा येतात. एकट्या कॉर्नेलच्या मुलींनी हे विजेतेपद दहाहून अधिक वेळा मिळवले आहे.

हे सामने मोठ्या हिरव्या मैदानावर होत नाहीत. चारी बाजूंनी भिंत घातलेल्या मातीच्या आखाड्यात होतात. चौघींऐवजी तिघींचा संघ, आणि लाकडी वा प्लास्टिकच्या कडक चेंडूऐवजी हवा भरलेला, लहान फुटबॉलसारखा चेंडू. चक्कर साडेसात मिनिटांची. जागा कमी लागते, घोडे कमी लागतात, खर्च आवाक्यात येतो. संघातल्या अनेक मुली पोलोची काठी पहिल्यांदा हातात घेतात ती कॉलेजात आल्यावरच. घोडे बहुतांशी देणगीतून आलेले असतात, मोठ्या मैदानावरून उतारवयाला लागलेले, खेळाडूपेक्षा जास्त खेळ जाणणारे. त्यांचे दाणापाणी करणे, लीद काढणे, जखमा बांधणे हे काम संघातल्या मुलीच वाटून घेतात.

आणि सगळ्यांत मला आवडलेली गोष्ट म्हणजे घोड्यांची अदलाबदल. एका चक्करीत तुम्ही जे घोडे वापरले तेच पुढच्या चक्करीत प्रतिस्पर्धी संघ वापरतो, आणि त्यांचे घोडे तुमच्याकडे येतात. म्हणजे ज्या घोड्याला तुम्ही पहाटे चारा घातलात, तोच दुपारी तुमच्याविरुद्ध धावतो. पैसेवाल्याने महागडी जनावरे आणून सामना जिंकायची सोय यात उरत नाही. अनोळखी घोडा मिनिटभरात ओळखायचा, त्याचे तोंड किती नाजूक, तो कुठल्या बाजूला चटकन वळतो, भिंतीला बुजतो का. झाशीची राणी फेरी मारून जे पाहत होती तेच. या मुलींची खरी कामगिरी मला विजेतेपदांच्या यादीपेक्षा इथे दिसते. मोठ्या मैदानावर खेळाडूला आपल्या पदरच्या घोड्यांची सवय असते. यांना कुठल्याही घोड्यावर खेळता येते.

कॉलेजने काय केले, तर घोडा एका माणसाच्या मालकीतून काढून संस्थेच्या पागेत बांधला. आपल्याकडे हे का झाले नाही? मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, पुण्यात लष्कराचे तबेले आहेत. पण सामान्य घरातल्या मराठी मुलीच्या वाटेत घोडा येतच नाही. तिच्या घरचे जनावर वेगळे.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर सौंसर तालुक्यात रामाकोना नावाचे गाव आहे. २०२३ पासून तो भाग मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात मोडतो. संत्री-कापसाचा मुलूख, एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांचे घोडे बंगालपर्यंत दौडले, पण गावाच्या आठवणीत टिकला तो बैल. पोळ्याला या पट्ट्यात बैलांना झुली चढतात, बाशिंगे बांधतात, तोरणाखाली उभे करून झडत्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत. पोळा आणि पोलो या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढा ध्वनीचा योगायोग आहे. पण ज्या जनावराशी रोजचा संबंध, त्याच्याभोवतीच गावाचा सण आणि खेळ उभा राहतो. नागपुरी तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल मुलीही ओढतात. आमच्या घोडेमोडणीतला लाकडी घोडा मुलींच्या कमरेला कुणी बांधत नाही.

मणिपूरच्या मैतेई घरांत असे दारातले जनावर म्हणजे तट्टू. अकरा ते तेरा मुठींचे, दिसायला लहान, पण चिवट. मूळच्या सगोल कांगजेईत सात-सात खेळाडू असतात, गोलाचे खांब नसतात, चेंडू बांबूच्या मुळीचा आणि काठी वेताची. मैदानाची टोकाची रेघ ओलांडली की गोल. इम्फाळचे मापाल कांगजेइबुंग हे जगातल्या सर्वांत जुन्या वापरातल्या पोलो मैदानांपैकी एक मानतात. मार्जिंग हा तिथे घोड्यांचा आणि पोलोचा देव. २०२३ मध्ये हैंगांगच्या टेकडीवर शंभर फुटांहून उंच असा पोलोपटूचा पुतळाही उभा राहिला.

त्या मैदानावर मणिपुरी मुली खेळू लागल्या. यांतल्या बऱ्याच जणी सामान्य घरांतल्या. महाराजांची नात वगैरे कुणी नाही. जानेवारी २०१६ मध्ये राज्यस्थापनादिनाच्या निमित्ताने तिथे महिला पोलोची स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच वेळी अमेरिकेच्या बायकांचा संघ आला. पाहुण्यांनी आपले घोडे आणले नव्हते, आणणे शक्यही नव्हते. त्याही मणिपुरी तट्टांवरच खेळल्या. उंच थरोब्रेड घोड्यांची सवय असलेल्या बायकांचे पाय तट्टाच्या पोटाखाली लोंबत होते, आणि यजमान मुली त्यांच्याभोवती वळसे घेत होत्या. रूपा बरुआ यांनी या मणिपुरी मुलींवर ‘डॉटर्स ऑफ द पोलो गॉड’ हा माहितीपट केला आहे, मिळाला तर जरूर पाहा.

ही सोय मात्र फार काळ पुरेल असे नाही. २००३ च्या पशुगणनेत मणिपुरी तट्टे १,८९८ होती, २०१२ च्या गणनेत ती १,१०१ भरली. ती ज्या पाणथळ कुरणांत चरत ती कुरणे इम्फाळच्या वाढत्या वस्तीने गिळली, आणि तट्टे शहरातल्या रस्त्यांवर कचरा हुंगत फिरू लागली. २०१६ मध्येच, म्हणजे महिला स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, राज्य सरकारने तट्टांच्या जतनाचे धोरण जाहीर केले. स्पर्धेला उतरणाऱ्या बऱ्याच मुलींचे स्वतःचे तट्टू नाही. क्लबचे किंवा शेजारच्या मालकाचे घेतात, सराव करतात, सामना खेळतात, आणि संध्याकाळी खरारा करून परत नेऊन देतात.